वाचकांचे प्रश्न : एरर कोड तपासला, पुढे काय?

लिनक्स कर्नलच्या मेमरी विभागात एखादं फंक्शन एरर कोड परत देतं आणि कॉल करणारा त्याकडे बघतही नाही. हे दुरुस्त कसं करायचं, याबद्दल नागपूर आणि आसपासच्या वाचकांची पत्रं आली आहेत. काही प्रश्न एकमेकांत मिसळून घेतले आहेत. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. जिथे आडवी रेघ दिसेल तिथे मूळ कोडमध्ये बहुधा अंडरस्कोअर असतो. पेज म्हणजे कर्नल मेमरी वाटतो तो ठरावीक तुकडा; त्याचा आकार सगळीकडे ४ केबी धरला आहे.

प्रश्न : आम्ही तिघं मित्र शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी कर्नलचा कोड वाचून राहिलो. एका ड्रायव्हरमध्ये मेमरी मॅप करणाऱ्या फंक्शनची रिटर्न व्हॅल्यू कोणी तपासतच नाही असं दिसलं. तिथे ‘एरर असेल तर रिटर्न’ अशी ओळ टाकली की पॅच तयार, बरोबर ना?
– हिंगणा रोड, नागपूर

उत्तर : एवढ्यावर पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवू नका. ही एक ओळ बऱ्याचदा आधीपेक्षा वाईट अवस्था करून ठेवते.

समजा त्या फंक्शनमध्ये चार पायऱ्या आहेत. के-झॅलॉकने एक स्ट्रक्ट घेतला, मग ३२ पेजेसचा बफर घेतला, मग म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लावला आणि शेवटी बफर यूजरच्या पत्त्यांवर मॅप केला. चौथ्या पायरीचा एरर कोणी बघत नव्हतं, तोवर यूजरला अर्धवट मॅपिंग मिळत होतं. आता तुम्ही तिथून सरळ रिटर्न केलंत तर म्युटेक्स लागलेलाच राहतो, बफर आणि स्ट्रक्ट दोन्ही गळतात. पुढच्या वेळी जो कोणी ते डिव्हाइस उघडेल तो त्या म्युटेक्सवर अडकून बसेल. आधी एक प्रोग्रॅम चुकत होता, आता सगळेच थांबतात.

म्हणून पहिलं काम कागदावर करा. फंक्शनच्या सुरुवातीपासून त्या कॉलपर्यंत काय काय घेतलं, काय लावलं, कोणता काउंट वाढवला, हे ओळीने लिहा. ते उलट्या क्रमाने सोडायचं. कर्नलमध्ये यासाठी फंक्शनच्या शेवटी गोटूची लेबलं उतरत्या पायऱ्यांसारखी मांडतात: आधी अनलॉक, मग बफर सोडा, मग स्ट्रक्ट सोडा. लेबलाला ‘एर-१’, ‘एर-२’ अशी नावं देऊ नका. ते लेबल काय करतं ते नावात आलं पाहिजे, उदाहरणार्थ ‘एर-फ्री-बफर’. उद्या कोणी मध्ये एक पायरी घातली तर आकडे चुकतात, नावं चुकत नाहीत.

दुसरी खूण रेट या, परत द्यायची व्हॅल्यू ठेवणाऱ्या, व्हेरिएबलची. आधीच्या यशस्वी कॉलने त्यात ० भरलेला असतो. तुम्ही ‘पॉइंटर नल असेल तर गोटू’ लिहिता आणि रेटमध्ये उणे ई-नोमेम (‘मेमरी नाही’ हा एरर कोड) भरायचं विसरता. साफसफाई व्यवस्थित होते, पण फंक्शन ० परत देतं, म्हणजे ‘काम झालं’. कॉल करणारा मग सोडून दिलेल्या मेमरीवर काम सुरू करतो. स्मॅच हे तपासणीचं टूल नेमकी ही चूक, आणि गोटू चुकवून केलेला रिटर्नही, बऱ्यापैकी पकडतं. सोर्सच्या मुळाशी उभं राहून मेकला सी-बरोबर-२ आणि चेकमध्ये स्मॅचची कमांड, कर्नल हा प्रोजेक्ट निवडून, द्या. सी-बरोबर-१ दिलं तर फक्त नव्याने कंपाइल होणाऱ्या फाइली तपासल्या जातात, हे लक्षात असू द्या.

२०२३ मध्ये आलेल्या ६.५ आवृत्तीपासून व्हेरिएबल व्याप्तीबाहेर गेलं की आपोआप सोडणारी सोयही कर्नलमध्ये आहे. नवीन कोडमध्ये ती जरूर वापरा, पण एकाच फंक्शनमध्ये ती आणि गोटू मिसळू नका. कर्नलचं दस्तऐवजही तसंच सांगतं. कोण काय सोडतंय हे वाचणाऱ्याला कळेनासं होतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. तुमच्या कॉलच्या आधी ती वस्तू इतरांना दिसायला लागली आहे का? यादीत घातली, ट्रीमध्ये नोंदवली, लॉक सोडला, की दुसऱ्या सीपीयूवरचा थ्रेड तिचा पॉइंटर धरून बसलेला असू शकतो. अशा जागी के-फ्री करणं, म्हणजे मेमरी सोडणं, त्याच्या हातातली मेमरी काढून घेण्यासारखं आहे. तिथे आधी यादीतून काढा, वापरणारे संपेपर्यंत थांबा आणि मगच सोडा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे क्रमच बदलणं: फसू शकतं ते सगळं आधी करून घ्यायचं आणि जिथून परत फिरता येत नाही त्या ओळीनंतर फसणारं काहीच ठेवायचं नाही. मेमरी विभागाचा गाभा याच पद्धतीने लिहिला आहे. डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून प्रक्रियेचे व्हीएमए, म्हणजे पत्त्यांच्या पट्ट्यांच्या नोंदी, मेपल ट्रीमध्ये असतात. तिच्यात फेरफार करण्याआधी लागणारे नोड प्री-अ‍ॅलोकेट करून ठेवायची सोय आहे. ई-नोमेम यायचा असेल तर तो तिथेच येतो, अजून काहीही हललेलं नसताना.

शेवटी वर चढत जा. तुमच्या फंक्शनला कॉल करणारा आता तुमचा एरर तपासतो का? नसेल तर तीही दुरुस्ती तुमचीच, आणि हा माग सिस्टम कॉलच्या दारापर्यंत न्यावा लागतो. २००८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्सच्या फाइल सिस्टिमांमधला एररचा प्रवास तपासला होता. तेव्हा सुमारे १३ टक्के कॉलमध्ये एरर कोड वाटेतच टाकून दिलेला सापडला. मधल्या एकाने टाकला की खालच्या सगळ्यांची मेहनत फुकट जाते.

प्रश्न : एम-अनमॅप तर मेमरी परत देतं. परत देणं फसेल कसं? मग त्याची रिटर्न व्हॅल्यू तपासून काय उपयोग?
– धरमपेठ, नागपूर

उत्तर : फसतं, आणि या एका समजुतीने लिनक्सच्या इतिहासातलं एक मोठं भगदाड पडलं आहे.

तीन पेजेसचा एक व्हीएमए घ्या आणि त्यातलं फक्त मधलं पेज अनमॅप करा. उरलेली दोन पेजेस आता शेजारी नाहीत, म्हणून एका व्हीएमएचे दोन होतात. दुसऱ्यासाठी नवीन स्ट्रक्ट लागतो, म्हणजे मेमरी सोडण्यासाठी आधी मेमरी घ्यावी लागते. शिवाय एका प्रक्रियेला किती व्हीएमए असू शकतात यावर मर्यादा आहे: मॅक्स-मॅप-काउंट, मुळात ६५,५३०. ती गाठली असेल तर पट्टी दुभंगणारं अनमॅप उणे ई-नोमेम घेऊन परत येतं. पूर्ण व्हीएमए काढणं किंवा कडेचं पेज काढणं मात्र चालतं, कारण त्याने संख्या वाढत नाही.

हे घरच्या घरी दिसतं. आधी तीन पेजेसचं वाचता-लिहिता येणारं मॅपिंग घ्या. मग सुमारे २५६ एमबीचा मोठा पट्टा कोणतीही परवानगी न देता मॅप करा. हा केवळ पत्त्यांचा हिशेब, खरी रॅम लागत नाही. आता एम-प्रोटेक्टने एक सोडून एक पेजला वाचायची परवानगी देत चला. सगळ्यांना सारखीच परवानगी दिलीत तर कर्नल शेजारचे व्हीएमए पुन्हा एकत्र करतो आणि संख्या वाढतच नाही. अनेकांचा प्रयोग इथेच अडतो. एम-प्रोटेक्टने ई-नोमेम दिला की मर्यादा आली. आता त्या तीन पेजेसमधलं मधलं पेज अनमॅप करून पाहा. एररनो १२ मिळेल. व्हर्च्युअल मशिनमध्ये करत असाल तर सिसकंट्रोलने मर्यादा काही हजारांवर आणा, काम लवकर होतं.

आता भगदाडाबद्दल. एम-रीमॅपला ‘याच पत्त्यावर हलव’ असं सांगता येतं. त्या पत्त्यावर आधीचं काही असेल तर कर्नल ते प्रथम काढून टाकतो. हे काढणारं आतलं फंक्शन डू-एम-अनमॅप. २.४.२४ आणि २.६.२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एम-रीमॅप त्याची रिटर्न व्हॅल्यू नीट तपासत नव्हतं. हल्ला करणाऱ्याने व्हीएमएची मर्यादा मुद्दाम भरून ठेवायची, मग हा कॉल करायचा. काढणं फसलं, तरी पुढचा कोड जागा रिकामी आहे असं धरून चालला. जुना व्हीएमए जागेवरच आणि त्याच्या पत्त्यांखाली दुसऱ्या मॅपिंगची पेजेस. व्हीएमएमधली परवानगी एक सांगते, पेज टेबलमधली दुसरी. यातून साध्या यूजरला रूटचे अधिकार मिळवता येत होते. फेब्रुवारी २००४ मध्ये हे जाहीर झालं, सुरक्षा त्रुटींच्या जाहीर यादीत नोंद सीव्हीई-२००४-००७७, आणि २.४.२५ व २.६.३ मध्ये दुरुस्ती आली. दुरुस्ती म्हणजे परत आलेली व्हॅल्यू पाहून, काहीही हलवण्याआधी बाहेर पडणं. तिथे परत फिरणं सोपं होतं कारण तोवर काही बदललंच नव्हतं. त्याच कॉलच्या पुढच्या टप्प्यात, पेज टेबलच्या निम्म्या नोंदी हलल्यावर एरर आला, तर त्या परत मूळ जागी न्याव्या लागतात. म्हणूनच तपासणी जितकी आधी तितकी स्वस्त.

प्रश्न : आमचं डेटा गोळा करणारं कार्ड एका कारखान्यात बसवलं आहे. मशिन महिनोन् महिने बंद होत नाही. मॉड्यूल काढून पुन्हा लोड केलं की कधीकधी सिस्टिम कोसळते. लॉगमध्ये ‘पेज अ‍ॅलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ५’ येतं. आमचे वरिष्ठ म्हणतात, जीएफपी-कर्नलने मागितलेली मेमरी कधी नाकारली जात नाही, दोष दुसरीकडे शोधा.
– एमआयडीसी, हिंगणा

उत्तर : जीएफपी-कर्नल म्हणजे गरज पडली तर थांबायची तयारी असलेली नेहमीची मागणी. तिच्याबद्दल तुमच्या वरिष्ठांचं म्हणणं एका मर्यादेपर्यंत खरं आहे, आणि ती मर्यादा तुम्ही ओलांडली आहे.

कर्नल ऑर्डर ३ पर्यंतच्या, म्हणजे सलग ८ पेजेस किंवा ३२ केबीपर्यंतच्या मागण्यांसाठी जवळजवळ हट्टाने प्रयत्न करत राहतो. जुनी पेजेस बाहेर काढतो, जागा एकत्र करतो, वेळ पडली तर ओओएम किलर (मेमरी संपल्यावर एखादी प्रक्रिया मारणारा कर्नलचा भाग) चालवतो. त्यापुढच्या मागण्या ‘महाग’ समजल्या जातात आणि थोड्या प्रयत्नांनंतर नाकारल्या जातात. ऑर्डर ५ म्हणजे सलग ३२ पेजेस, १२८ केबी. मशिन नुकतं सुरू झालेलं असताना ती सहज मिळतात. महिनोन् महिने चाललेल्या मशिनमध्ये एकूण मोकळी मेमरी भरपूर असते, पण सलग नसते. प्रॉकमधली बडी-इन्फो ही फाइल वाचा. डावीकडून मोजत ऑर्डर ० पासूनचे रकाने आहेत. सहाव्या रकान्यापासून पुढे शून्यं दिसली तर कारण सापडलं.

बफर डीएमएसाठी, म्हणजे कार्डाने सीपीयूशिवाय थेट मेमरीत वाचण्या-लिहिण्यासाठी, नसेल तर के-व्ही-मॅलॉक वापरा. ते आधी सलग जागा बघतं, नाही मिळाली तर सुटी पेजेस जोडून देतं. सोडताना के-व्ही-फ्रीच वापरायचं. कार्डाला डीएमएसाठी सलग पत्ते हवेच असतील तर बफर मॉड्यूल लोड होताना नव्हे तर मशिन सुरू होताना राखून ठेवा, किंवा कार्ड झेपवत असेल तर स्कॅटर-गॅदरवर, म्हणजे सुट्या तुकड्यांच्या डीएमएवर, या. आणि यातलं काहीही केलं तरी नल तपासणं सुटत नाही. कोसळण्याचं थेट कारण तेच आहे: मेमरी न मिळणं हा सहन होणारा प्रसंग आहे, नल पॉइंटरवर लिहिणं नाही.

छोट्या मागण्याही कधी नाकारल्या जात नाहीत असं नाही. ओओएम किलरने मारण्यासाठी निवडलेली प्रक्रिया कर्नलच्या आत असेल तर तिच्या मागणीसाठी कर्नल अनंतकाळ फिरत बसत नाही; तिला नल मिळू शकतो. इंटरप्टमध्ये किंवा स्पिनलॉक धरून जीएफपी-अ‍ॅटॉमिकने मागणाऱ्याला तर थांबताच येत नाही, तिथे नकार रोजचा. छोट्या मागण्या इतक्या क्वचित फसतात, हाच खरा धोका. त्या फसल्यावर चालायचा कोड वर्षानुवर्षं एकदाही चाललेला नसतो.

आणि एक विनंती. नल आला तर बग-ऑन लावून मशिन पाडणारे पॅच पाठवू नका. बूट होताना, जिथे पुढे जाण्यात अर्थच नाही, तिथे पॅनिक समजू शकतं. चालू कारखान्यात नाही.

प्रश्न : कुठे नल तपासायचा आणि कुठे इज-एर, यात सतत गोंधळ होतो. दोन्ही एकदम तपासणारं इज-एर-ऑर-नल सगळीकडे लावलं तर?
– वर्धा रोड, नागपूर

उत्तर : नका लावू. तो मॅक्रो वापरणारा बहुतेक वेळा फंक्शन काय परत देतं हे न वाचताच वापरतो. शिवाय त्याच्या पुढच्या ओळीत पॉइंटरमधून एरर कोड काढणारं पॉइंटर-एर लिहिलेलं असतं. पॉइंटर नल असेल तर पॉइंटर-एर ० देतं, आणि ० म्हणजे यश.

यंत्रणा अशी: पत्त्यांच्या जागेच्या अगदी टोकाचे ४,०९५ आकडे एरर कोडसाठी राखले आहेत. उणे १२ हा पॉइंटरमध्ये बसवला की तो त्या शेवटच्या पेजमध्ये पडतो, जिथे खरी वस्तू कधी नसते. इज-एर फक्त पत्ता त्या टोकाला आहे का ते बघतं. नल तिथे येत नाही, म्हणून इज-एर नलला ‘ठीक’ म्हणतं. उलट नलची तपासणी उणे १२ ला ‘ठीक’ म्हणते.

के-मॅलॉक, अ‍ॅलॉक-पेजेस, व्ही-मॅलॉक, व्ही-मॅप, आय-ओ-रीमॅप आणि फाइंड-व्हीएमए नल देतात. मेम-डुप-यूजर, शमेम-फाइल-सेटअप आणि डेव्ह-एम-आयओरीमॅप-रिसोर्स एर-पॉइंटर, म्हणजे एरर कोड बसवलेला पॉइंटर, देतात. शेवटच्या नावातला ‘रिसोर्स’ काढला तर जे फंक्शन उरतं ते मात्र नल देतं, त्यामुळे नावावरून अंदाज बांधू नका, दर वेळी व्याख्या उघडा. व्हीएम-एम-मॅप तर पॉइंटरही देत नाही, अनसाइन्ड लाँग देतं. तिथे इज-एर-व्हॅल्यू लागतो. डीएमएचा पत्ता शून्याशी ताडून पाहू नका, डीएमए-मॅपिंग-एररलाच विचारा. साफसफाईत के-फ्रीला नल दिला तर चालतो, एर-पॉइंटर दिला तर कोसळतं.

याच कुळातली आणखी एक चूक ड्रायव्हरच्या पेज फॉल्ट हँडलरमध्ये (मॅप न झालेल्या पेजला हात लागला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) दिसत असे. हँडलरने व्हीएम-फॉल्ट-ओओएमसारखे बिट परत द्यायचे असतात, पण लोक तिथून सरळ उणे ई-नोमेम परत करत. उणे १२ चा शेवटचा बाइट बघा: ११११०१००. ओओएमचा बिट सर्वांत उजवा, सिगबसचा त्याच्या डावीकडचा; दोन्ही शून्य. उलट हार्डवेअरची मेमरी बिघडल्याचा बिट पेटलेला! मेमरी संपली हे सोडून भलतंच काही त्या आकड्यात वाचता येतं. २०१८ पासून हँडलरसाठी व्हीएम-फॉल्ट-टी हा वेगळा टाइप आला आणि व्हीएमएफ-इन्सर्ट-पेजसारखी थेट योग्य बिट देणारी फंक्शनं आली, ती याच कारणाने. जुना ड्रायव्हर हातात असेल तर स्पार्स हे तपासणीचं टूल चालवा, टाइपची सरमिसळ ते दाखवून देतं.

प्रश्न : एरर येतच नसेल तर आम्ही लिहिलेला परतीचा मार्ग बरोबर आहे हे सिद्ध कसं करायचं? माझ्याकडे ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप आहे.
– प्रतापनगर, नागपूर

उत्तर : एरर मुद्दाम आणायचा. त्यासाठी कर्नलमध्येच सोय आहे आणि तुमचा लॅपटॉप पुरेसा आहे.

क्यूईएमयूमध्ये २ जीबी रॅम आणि २ सीपीयूचं व्हर्च्युअल मशिन घ्या. कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये फॉल्ट-इंजेक्शन, फेलस्लॅब, फेल-पेज-अ‍ॅलॉक आणि फॉल्ट-इंजेक्शनचा डीबगएफएस पर्याय चालू करा. सोबत केसॅन, के-मेमलीक आणि लॉकच्या चुका पकडणारं प्रूव्ह-लॉकिंग. जेनेरिक केसॅन मेमरीचा आठवा भाग स्वतःच्या हिशेबाला घेतो, म्हणून रॅम २ जीबीखाली नेऊ नका.

बूट झाल्यावर डीबगएफएस या, तपासणीसाठीच्या, फाइल सिस्टिममध्ये फेलस्लॅब नावाची डिरेक्टरी दिसेल. इथे पहिला खड्डा आहे. इग्नोर-जीएफपी-वेट ही फाइल मुळात ‘वाय’ असते, म्हणजे झोपू शकणाऱ्या मागण्यांना हात लावला जात नाही. जीएफपी-कर्नल त्याच गटात येतं. ती ‘एन’ केली नाहीत तर तासन्‌तास चाचणी चालते, एकही नकार येत नाही आणि आपला कोड उत्तम आहे असा समज होतो. फेल-पेज-अ‍ॅलॉकमध्येही तीच फाइल ‘एन’ करा, शिवाय मिन-ऑर्डर मुळात १ असतो तो ० करा, नाहीतर एकेका पेजच्या मागण्या सुटतात.

यादृच्छिक नकारांपेक्षा फेल-एनथ वापरा, ते नेमकं आहे. चाचणीचा प्रोग्रॅम सीमध्ये लिहा, कारण ही फाइल प्रत्येक थ्रेडची स्वतःची असते. प्रॉकमधल्या थ्रेड-सेल्फखालच्या फेल-एनथमध्ये १ लिहा आणि लगेच तुमचा सिस्टम कॉल करा. त्या कॉलमधली पहिली मागणी नाकारली जाईल. मग फाइल वाचा. ० आला तर नकार खरंच दिला गेला. पुढच्या फेरीत २, मग ३. वाचल्यावर धन आकडा आला की त्या मार्गावर तितक्या मागण्याच नाहीत. फाइलमध्ये ० लिहा आणि थांबा. अशाने प्रत्येक नकाराची जागा एकेकदा तपासली जाते.

प्रत्येक फेरीत काय बघायचं? कॉलने ई-नोमेम दिला का हे, पण तेवढंच नाही. के-व्ही-मॅलॉकसारख्या ठिकाणी नकारानंतर दुसरा मार्ग असतो आणि यश येणं रास्त असतं. नकार मिळूनही यश आलं तर त्या जागेचा स्टॅक पाहून खात्री करा. व्हर्बोज २ ठेवलं की तो लॉगमध्ये येतो. मग तोच कॉल नकाराशिवाय पुन्हा करा. तो अडकला तर लॉक राहिला आहे. सगळ्या फेऱ्यांनंतर के-मेमलीकच्या फाइलमध्ये ‘स्कॅन’ लिहा, पाचेक सेकंद थांबून पुन्हा लिहा आणि मग वाचा. अगदी ताज्या वस्तू पहिल्या फेरीत तो दाखवत नाही. केसॅन सोडल्यानंतरचा वापर पकडेल, के-मेमलीक न सोडलेलं. दोन्ही गप्प असतील तर पॅच पाठवण्याजोगा झाला.

प्रश्न : काही फंक्शनांचा एरर आल्यावर करण्यासारखं काही नसतंच. तरी तपासायचा? मस्ट-चेकची वॉर्निंग व्हॉइड कास्ट करून घालवली तर?
– अजनी, नागपूर

उत्तर : मस्ट-चेक म्हणजे ‘ही रिटर्न व्हॅल्यू तपासाच’ अशी फंक्शनवरची खूण. जीसीसी हा कंपायलर तिच्या वॉर्निंगसाठी व्हॉइड कास्ट मानत नाही, आणि ते चांगलंच आहे.

‘करण्यासारखं काही नाही’ हे बहुतेक वेळा पुरेसं शोधलेलं नसतं. सेट-मेमरी-आरओ घ्या. ते पेजेस फक्त वाचण्याजोगी करतं. एक्स८६ वर कर्नलचा मॅप बऱ्याचदा २ एमबीच्या मोठ्या पेजेसचा असतो. त्यातल्या एका ४ केबीची परवानगी बदलायची तर मोठं पेज ५१२ लहान नोंदींत फोडावं लागतं, आणि त्या नोंदींसाठी एक पेज नवीन घ्यावं लागतं. ते मिळालं नाही तर परवानगी बदलतच नाही. बीपीएफचा (यूजरने दिलेले छोटे प्रोग्रॅम कर्नलच्या आत चालवणाऱ्या सोयीचा) कोड हे बराच काळ दुर्लक्षून पुढे जात होता, म्हणजे सुरक्षित समजलेला प्रोग्रॅम लिहिता येण्याजोगाच राहू शकत होता. २०२४ मध्ये दुरुस्ती झाली: परवानगी बदलली नाही तर प्रोग्रॅम लोडच करायचा नाही. करण्यासारखं होतं, फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं.

खऱ्या अर्थाने हात बांधलेले असतात ते मोडतोडीच्या वाटेवर. डिव्हाइस काढलं जातंय, शेवटचा वापरणारा गेला, आणि अनमॅप फसलं. तिथे परत फिरायला जागा नाही. वॉर्न-ऑन-वन्स (लॉगमध्ये एकदाच इशारा देणारा मॅक्रो) लावा आणि ती मेमरी सोडू नका. थोडी गळती सहन होते. अजून मॅप असलेलं पेज दुसऱ्याच्या हाती जाणं सहन होत नाही. डीबगएफएसमध्ये फाइली बनवणारी फंक्शनं मात्र मुद्दाम न तपासण्यासाठीच आहेत, तिथे तपासणी घालणारे पॅच परत येतात.

प्रश्न : थोडक्यात सांगण्याजोग्या नेहमीच्या चुका कोणत्या?
– सीताबर्डी, नागपूर

उत्तर : ‘रिटर्न उणे १’ लिहू नका, उणे १ म्हणजे ई-पर्म, यूजरला ‘परवानगी नाही’ असा निरोप जातो. कॉपी-फ्रॉम-यूजर एरर कोड देत नाही, कॉपी न झालेल्या बाइट्सची संख्या देतं. ती तशीच परत केली तर यूजर तिला यश समजतो, म्हणून शून्य नसेल तर उणे ई-फॉल्ट द्या. के-रिअ‍ॅलॉकचं उत्तर जुन्याच पॉइंटरमध्ये घेऊ नका. नल आला की जुनी मेमरी जिवंत राहते आणि तिचा पत्ता हरवतो. गेट-यूजर-पेजेसला १६ पेजेस मागितली आणि ९ मिळाली तर तो एरर नाही, पण ती ९ सोडायची जबाबदारी तुमची. त्याची व्हॅल्यू अनसाइन्डमध्ये घेतली तर ‘शून्याहून कमी’ ही अट कधीच खरी होत नाही. के-मॅलॉक फसल्यावर ‘मेमरी संपली’ असा मेसेज छापू नका, कर्नल स्वतःच स्टॅकसकट छापतो आणि चेकपॅच ही पॅच तपासणारी स्क्रिप्ट तुम्हाला टोकेल.

प्रश्न : पॅच तयार आहे. पाठवताना काय सांभाळायचं?
– कामठी रोड, नागपूर

उत्तर : एका पॅचमध्ये एकच दुरुस्ती. विषयाच्या ओळीत आधी विभाग, जसं ‘एमएम/एमरीमॅप’, मग काय करायचं ते आज्ञार्थी. मजकुरात ‘रिटर्न व्हॅल्यू तपासली’ एवढंच लिहिलं तर कोणी वाचणार नाही. एरर कोणत्या परिस्थितीत येतो, आज तो दुर्लक्षिल्यावर यूजरला काय दिसतं, आणि तुम्ही तो कसा आणून पाहिला, हे तीन वाक्यांत लिहा. फेल-एनथने मिळालेला स्टॅक असेल तर त्यातल्या कामाच्या चार-सहा ओळी जोडा. टूलने सापडलं असेल तर टूलचं नाव लिहा.

चूक ज्या कमिटमुळे आली ते गिट ब्लेमने शोधून ‘फिक्सेस’ची ओळ द्या: हॅशची पहिली १२ अक्षरं आणि त्या कमिटचं शीर्षक. जुन्या आवृत्त्यांत जायला हवं असेल तर ‘सीसी स्टेबल’ही. तुमची ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळख पटेल अशा नावाची, निनावी नाही. चेकपॅच स्ट्रिक्ट पर्यायासह चालवा, गेट-मेंटेनर सांगेल त्या सगळ्यांना पाठवा आणि गिट सेंड-ईमेलने साध्या मजकुरात पाठवा; ब्राउझरमधून चिकटवलेल्या पॅचमधले टॅब मोडतात आणि तो लागू होत नाही.

परीक्षणात सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न असतो, ‘हे प्रत्यक्षात घडू शकतं का?’ त्याला खरं उत्तर द्या. घडतच नाही असं दिसलं तर पॅच मागे घ्या किंवा ‘सफाई’ म्हणून, फिक्सेसच्या ओळीशिवाय पाठवा. दुसरी आवृत्ती पाठवताना ‘व्ही२’ लिहा आणि काय बदललं ते तीन आडव्या रेघांच्या खाली, म्हणजे ते कमिटमध्ये जात नाही. आठवडाभर उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण करा. मर्ज विंडो (नवीन बदल मुख्य कर्नलमध्ये घेण्याचा काळ) चालू असेल तर ती बंद होईपर्यंत थांबा.